लवचीक म्हणजे ताणक्षम नव्हे: इलेक्ट्रॉनिक त्वचेविषयीची एक गफलत

इलेक्ट्रॉनिक त्वचा म्हणजे अंगावर त्वचेसारखी बसणारी, संवेदक असलेली पातळ फिल्म. तिच्यावरील मराठी लेखांत ‘फ्लेक्सिबल’ आणि ‘स्ट्रेचेबल’ या दोन्हींसाठी ‘लवचीक’ हा एकच शब्द पुन्हापुन्हा वापरला जातो आणि तिथेच मूळ विषय हातून निसटतो. लवणे म्हणजे वाकणे. म्हणून वाकूनही चालते ते लवचीक आणि लांबी वाढूनही चालते ते ताणक्षम, असा भेद काटेकोरपणे पाळला जावा, असा माझा आग्रह आहे. अशा लेखांत येणाऱ्या ‘ऑरगॅनिक’ या शब्दाचा अर्थ कार्बनी रेणूंपासून बनलेले एवढाच आहे.

लवचीकपणा घडीच्या फोनमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला आहे आणि त्याचे श्रेय मुख्यतः पातळपणाला जाते. वाकवताना बाहेरच्या पृष्ठभागाची लांबी किती टक्के वाढेल, हे जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागून ढोबळमानाने कळते. ५ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर १०० मायक्रोमीटर जाडीच्या फिल्मला १ टक्का वाढ सोसावी लागते, तर २ मायक्रोमीटर जाडीच्या फिल्मला केवळ ०.०२ टक्के. पुरेसे पातळ केले तर सिलिकॉनसुद्धा वाकते. त्यामुळे ‘ऑरगॅनिक म्हणून लवचीक’ हे विधानही अपुरे आहे.

त्वचेची अडचण मात्र निराळी आहे. कागद लाटण्याभोवती नीट बसतो, पण नारळाभोवती गुंडाळला की त्याला चुण्या पडतात, कारण दोन दिशांनी वळणाऱ्या पृष्ठभागावर बसण्यासाठी कुठेतरी ताणले किंवा आकसले जावेच लागते. मनगट बरेचसे लाटण्यासारखे आहे. कोपर आणि बोटांची पेरे नारळासारखी आहेत. शिवाय सांधा वाकताना तिथली त्वचा सुमारे ३० टक्के ताणली जाते. ही वाढ जाडीतून येत नसल्यामुळे फिल्म कितीही पातळ केली तरी ती टळत नाही.

यावर नागमोडी तारांचा मार्ग आहे, ज्यात तार उलगडते आणि पदार्थ स्वतः फारसा ताणला जात नाही. मला पदार्थच ताणक्षम बनवण्याचा दुसरा मार्ग अधिक मोलाचा वाटतो, कारण नागमोडी वळणे जागा खातात आणि संवेदकांची दाटी कमी करतात. स्टॅनफर्डमधील झेनान बाओ यांच्या गटाने २०१७ मध्ये अर्धवाहक पॉलिमरचे (वीज नियंत्रितपणे वाहू देणाऱ्या, लांब साखळीच्या कार्बनी रेणूंच्या पदार्थाचे) अतिसूक्ष्म तंतू रबरासारख्या पदार्थात गुंफून अशी फिल्म बनवली, जी दुप्पट लांबीपर्यंत ताणूनही विद्युतभार जवळजवळ पूर्वीइतक्याच सहजतेने वाहू देत होती. कार्बनी पदार्थांचे खरे वेगळेपण येथे दिसते.