निसर्गचित्रण सहल

सुटीत एखाद्या गावी मुक्काम करून, पायी भटकून, जागेवरच बसून चित्र रंगवण्याची प्रथा. चित्रकार मंडळी तिला सहसा ‘लँडस्केपला जाणे’ म्हणतात.

अमेरिकी चित्रकार जॉन गॉफ रँड याने १८४१ साली पिळता येणाऱ्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले आणि तैलरंग झोळीत घालून रानात नेणे सोपे झाले. आपल्याकडे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात (स्थापना १८५७) शिकलेल्या चित्रकारांनी ही वाट रुळवली. त्याच शाळेत शिकून कोल्हापूरला परतलेले आबालाल रहिमान कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. ओळखीच्या पाण्याकडे इतक्या वेळा परत जाण्यातच या प्रथेचे मर्म आहे.

महाराष्ट्रात या सहलींचे आवडते ठिकाण म्हणजे सातारा जिल्ह्यातील वाई. कृष्णेचे घाट, काळ्या पाषाणातली देवळे आणि मागे डोंगर, सगळे चालत जाण्याच्या टप्प्यात. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून ती तशी बांधली. समोरून देऊळ पाहून परतणाऱ्याला ती दिसतच नाही. तिथून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि देवळाजवळ वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. हे अंतर गाडीने जाऊ नये. उसाचे फड, विहिरीचे थारोळे (मोटेचे पाणी पडते ते कुंड), बांधावरची बाभळ यांतले चित्र चालतानाच सापडते. पहिल्या दिवशी रंग खोलीवर ठेवून फक्त पेन्सिल आणि छोटी वही घेऊन फिरावे, हे सर्वांत उपयोगी.

सामान थोडकेच लागते: बोर्ड, क्लिपा, जाड कागद, दोन-तीन ब्रश, रंगपेटी, पाण्याची बाटली, घडीचा स्टूल. अडचण असते ती उन्हाची. सकाळी सात ते नऊ सावल्या लांब आणि निळसर असतात. अकरानंतर घाट सपाट दिसू लागतो. सावली तर सतत सरकते. म्हणून अनुभवी माणूस आधी सावल्यांचे आकार पक्के करतो आणि नंतर त्या हलल्या तरी बदलत नाही. जलरंगात पांढरा रंग लावण्याऐवजी कागदच कोरा सोडतात. पाण्यावरची चकाकी अशीच राखायची. एप्रिल-मे महिन्यात वॉश (पातळ रंगाचा पसरलेला थर) कडेला पोहोचण्याआधीच सुकतो, तर पावसाळ्यात तासभर ओला राहतो. ट्यूबमधला तयार हिरवा आपल्या झाडांना कच्चा दिसतो. पिवळ्या-निळ्यात चिमूटभर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी रंग) मिसळला की आंबा आंब्यासारखा दिसतो. ओल्या पायरीचा पाषाण काळा नसतोच. नीट पाहिले तर त्यात जांभळा आणि तपकिरी असतो, आणि तो दिसायला अर्धा तास एका जागी बसावे लागते.

घाट हा गावाचा वापरातला भाग आहे. धुणे, क्रियाकर्म चालू असेल तिथे स्टूल मांडू नये, माणूस रंगवायचा तर आधी विचारावे, पिकातून वाट काढू नये. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू असतात. म्हणून ब्रश धुतलेले पाणी नदीत किंवा विहिरीजवळ न ओतता बाटलीत भरून परत न्यावे.