स्वतःची उत्तरपत्रिका बघता येते का?

निकालाचे दिवस आले की मुंबईतल्या कॉलेजांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘उत्तरपत्रिका ही विद्यापीठाची गोपनीय मालमत्ता आहे, विद्यार्थ्याला ती मागता येत नाही.’

हे खरं नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा. सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानेच स्थापन झालेलं असतं, त्यामुळे तो त्यालाही लागू होतो. परीक्षक आणि विद्यापीठ यांच्यातल्या विश्वासाच्या नात्यामुळे तपासलेली उत्तरपत्रिका दाखवता येत नाही, असा युक्तिवाद पूर्वी व्हायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला. गैरसमजाचं मूळ बहुधा इथेच आहे, कारण काही गोष्टी खरोखरच गोपनीय राहतात. उदाहरणार्थ, परीक्षकाचं नाव झाकून ठेवता येतं. आणि ते योग्यच आहे, नाहीतर नापास मुलं थेट सरांच्या घरी पोचतील!

मात्र प्रत मिळाली म्हणजे फेरतपासणी झाली, असं नाही. त्यासाठी विद्यापीठाचे वेगळे नियम आणि वेगळ्या मुदती असतात. शिवाय उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपतात, म्हणून उशीर नको.

पडताळायचं असेल तर कायद्याचं कलम २ आणि ८ वाचा. मराठीत उपलब्ध आहे. किंवा सरळ अर्जच करा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अर्ज विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर तिथल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.