पेशीचा खर्च (मराठवाडा)

केस लढवताना माणसाच्या खिशातून जे जे जातं, ते सगळं मिळून पेशीचा खर्च. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, निजामाच्या काळातल्या उर्दू कारभारातून आलेला शब्द, मावेजासारखाच (मावेजा म्हणजे भरपाई). कोर्ट फी, वकिलाची फी, टायपिंग, नोटरी, नकला हा झाला कागदावरचा खर्च. पण खरा माणूस मोडतो तो पुढच्या खर्चात, एसटीचं तिकीट, बुडालेला रोज, साक्षीदाराला सोबत न्यायचं तर त्याचंही. समजा बांधाच्या केसला वर्षाला 6 पेश्या पडल्या, एका पेशीला 700 रुपये गेले आणि केस 8 वर्षं चालली, तर 33,600 रुपये नुसते जाण्यायेण्यातच गेले, वकील वेगळाच. भांडण 2 गुंठ्यांचं असतं. म्हणून ज्याच्याकडे दम आहे तो तारखा वाढवत राहतो आणि समोरचा कंटाळून कमी पैशात तडजोड करतो, हक्क खरा असला तरी. हे फार वाईट आहे.

अंतराचाही पैसा लागतो. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हापासून हायकोर्टाच्या अपिलाला थेट मुंबई गाठावी लागायची, औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठ बसलं ते ऑगस्ट 1981 मध्ये. पंचवीस वर्षं लोकांनी अपिलापायी मुंबई केली किंवा अपीलच सोडून दिलं.

जिंकलेल्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 प्रमाणे खर्च मिळू शकतो, पण हातात येतो तो खऱ्या खर्चाच्या मानाने किरकोळ. खोट्या दाव्याबद्दल कलम 35अ ची भरपाई तर 3000 रुपयांच्या वर जात नाही, आणि हा आकडा 1976 चा आहे!

त्याच 1976 साली घटनेत कलम 39अ आलं, गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये म्हणून. त्यावरचा मोफत कायदेशीर मदतीचा विधी सेवा कायदा 1987 चा, लागू झाला 1995 ला. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टातच समिती असते, नाहीतर 15100 वर फोन करायचा. वकील, कोर्ट फी, नकला यांचा खर्च त्यात निघतो, बुडालेला रोज मात्र कोणी भरून देत नाही. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि पुढे अपील नसतं.

जमीन संपादनात एक चांगली सोय आहे जी गावात फार कमी लोकांना माहीत असते. एकाच अधिसूचनेत जमिनी गेल्या आणि त्यातल्या एकाने लढून मावेजा वाढवून घेतला, तर जे लढले नाहीत तेही त्या निकालाच्या आधारे कलेक्टरकडे अर्ज करू शकतात, जुन्या कायद्यात कलम 28अ, 2013 च्या कायद्यात कलम 73. मुदत निकालापासून फक्त 3 महिने. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज कधी टाकला त्याची पावती जपून ठेवावी.