ऑस्ट्रेलियातील बहुसांस्कृतिक धोरण आणि निर्वासित

वेगवेगळ्या वंशांच्या, भाषांच्या नि धर्मांच्या समाजांना आपली ओळख राखून नागरिक म्हणून जगता यावे, यासाठी ऑस्ट्रेलियन सरकारने १९७० च्या दशकापासून राबवलेले धोरण. निर्वासितांच्या कार्याची सार्वजनिक दखल घेणे हा त्याचाच एक भाग.

धोरणाची मुळे उदारतेपेक्षा मनुष्यबळाच्या टंचाईत अधिक आहेत. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना देश जवळजवळ बंदच केला होता. महायुद्धानंतर माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९४७ पासून युरोपातील छावण्यांतून सुमारे १,७०,००० विस्थापित आणले गेले. सरकार सांगेल ते काम दोन वर्षे करायचे, अशी अट होती. त्यामुळे शिकलेसवरलेले लोकही मजुरी करत. स्नोई पर्वतातील जलविद्युत प्रकल्प (१९४९–७४) उभारणाऱ्या लाखभर कामगारांत बहुसंख्य स्थलांतरितच होते. मात्र त्यांनी आपली भाषा, चालीरीती सोडून मुकाट्याने ऑस्ट्रेलियन व्हावे, हीच अपेक्षा होती.

ती १९७३ मध्ये बदलू लागली. मजूर पक्षाचे मंत्री अल ग्रासबी यांनी बहुसांस्कृतिक समाजाची कल्पना मांडली आणि त्याच वर्षी टेलिफोनवरून दुभाष्या पुरवण्याची सेवा सुरू झाली. या सेवेचे महत्त्व कोणत्याही उत्सवापेक्षा मोठे मानावे लागेल. दुभाष्या नसला की डॉक्टरपुढे आईचे दुखणे तिच्या शाळकरी मुलाला सांगावे लागते. पोलीस चौकीत किंवा कोर्टात तर अर्धवट समजलेला शब्द महागात पडतो. १९७५ मध्ये वंशभेदविरोधी कायदा आला. स्थलांतरितांसाठीच्या सेवांची पाहणी करणाऱ्या १९७८ च्या गॅलबली अहवालाने भाषाशिक्षण, स्थलांतरितांसाठी मदत केंद्रे आणि समाजांच्या स्वतःच्या संस्थांना अनुदान यांवर भर दिला. तो स्वीकारला पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या लिबरल पक्षाच्या सरकारने, म्हणजे विरोधी मजूर पक्षाचे धोरण पुढे नेले गेले. बहुभाषक प्रसारणासाठी ‘एसबीएस’ ही संस्थाही १९७८ चीच. तिची दूरचित्रवाणी १९८० मध्ये सुरू झाली.

निर्वासित सप्ताह १९८६ मध्ये सिडनीत सुरू झाला. आता तो २० जूनच्या जागतिक निर्वासित दिनाच्या सुमारास देशभर पाळला जातो. भाषणे, पुरस्कार होतात, पण योगदान खरे दिसते ते निल्हसारख्या गावात. व्हिक्टोरियातील या छोट्या गावात बदकांच्या मांसाच्या कारखान्याला कामगार मिळेनात. २०१० पासून म्यानमारचे कारेन निर्वासित तेथे वसले आणि ओसरत चाललेले गाव सावरले.

या गौरवाला दुसरी बाजू आहे. व्हिएतनाममधून १९७७ मध्ये बोटीने डार्विनला पोहोचलेले ह्यू वान ले पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले (२०१४–२१). परंतु १९९२ पासून व्हिसाविना बोटीने येणाऱ्यांना सक्तीने स्थानबद्ध केले जाऊ लागले, २००१ पासून अनेकांना नाउरू हा बेटदेश व पापुआ न्यू गिनीतील मानुस बेट येथे धाडले गेले, आणि १९ जुलै २०१३ पासून अशा व्यक्ती निर्वासित ठरल्या तरी त्यांना ऑस्ट्रेलियात वसू दिले जात नाही. त्याआधी येऊन तात्पुरत्या व्हिसावर अडकलेल्या सुमारे १९,००० जणांना फेब्रुवारी २०२३ मध्ये कायमच्या वास्तव्याचा मार्ग खुला झाला.