केसपेपरवर लिहिलेले औषध आणि रुग्णाने घेतलेले औषध
रुग्णनोंदींवरून औषधवापर मोजून घेऊ इच्छिणारे डॉक्टर, संशोधक आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यासाठी माहितीपत्रक

आमच्याकडे काम घेऊन येणाऱ्यांत एमडीचा प्रबंध लिहिणारे निवासी डॉक्टर असतात, स्वतःचे मधुमेह क्लिनिक चालवणारे फिजिशियन असतात, मोठ्या अभ्यासात सहभागी झालेली मध्यम आकाराची रुग्णालयेही असतात. मागणी बहुतेक वेळा एका वाक्याची असते: "जुने केसपेपर आहेत, त्यातून कोण नियमित औषध घेत होते ते काढून द्या." त्यावर आमचा पहिला प्रश्न ठरलेला आहे. तुमच्या अभ्यासात "नियमित" कोणाला म्हणायचे? हा प्रश्न आम्ही वेळ काढण्यासाठी विचारत नाही. त्याच्या उत्तरावर आकडे अवलंबून असतात, आणि ते उत्तर आकडे हाती येण्याआधी ठरलेले असावे लागते.

एक रुग्ण, तीन उत्तरे

समजा, एका रुग्णाच्या ओपीडी पेपरवर मधुमेहाची, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी लिहिली आहे: १-०-१ (सकाळी एक, रात्री एक), एक महिना. पुढचे दोन महिनेही तेच. पेपरवरून मोजले तर ९० पैकी ९० दिवस औषध चालू आहे, म्हणजे १०० टक्के.

आता रुग्णालयाच्या मेडिकलमधली बिले जुळवून पाहू. दर महिन्याला ६० गोळ्या हव्या होत्या, पण त्याने प्रत्येक वेळी १५ गोळ्यांच्या तीनच स्ट्रिप नेल्या. तीन महिन्यांत १३५ गोळ्या. दिवसाला दोन धरल्या तर साडेसदुसष्ट दिवस पुरतील, म्हणजे ७५ टक्के. संशोधनात ८० टक्के दिवस औषध हाताशी असेल तर "नियमित" म्हणण्याची रूढी आहे. त्या रेषेवर हा रुग्ण नापास.

पण दुसऱ्या भेटीत साखर खाली गेल्यामुळे डॉक्टरांनी "रात्रीची बंद करा" असे तोंडी सांगितले असेल तर? पेपरवर फक्त "सीएसटी" (कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, म्हणजे तेच उपचार चालू ठेवा) लिहिले गेले. आता त्याच गोळ्या पुरून उरतात आणि रुग्ण पुन्हा नियमित ठरतो. तिसऱ्या महिन्यात तो गावी गेला आणि तिथल्या दुकानातून एक पाकीट घेतले, तर त्याची नोंद आपल्याकडे नाहीच.

डॉक्टरांनी लिहिले, दुकानातून घेतले आणि खरोखर पोटात गेले या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. केसपेपर पहिलीची नोंद देतो आणि बिल दुसरीची. तिसरीच्या सर्वांत जवळ जाणारी नोंद म्हणजे वॉर्डातला ट्रीटमेंट चार्ट, कारण तिथे डोस दिल्यावर नर्स वेळ टाकून सही करते. मात्र रुग्ण घरी गेला की तो चार्ट संपतो. उलट रुग्ण आठवडाभर दाखल असेल तर त्या काळातले औषध वॉर्डातून मिळते, बाहेरचे बिल होत नाही. हे दिवस हिशेबातून वेगळे काढले नाहीत तर आजारी पडलेला रुग्ण उगाच "अनियमित" दिसतो.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय?

अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर क्लोफायब्रेट या औषधाची मोठी चाचणी झाली होती. तिचा एक निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. क्लोफायब्रेटच्या गटात ज्यांनी ८० टक्के किंवा अधिक कॅप्सूल घेतल्या त्यांच्यातला पाच वर्षांतला मृत्युदर सुमारे १५ टक्के होता, कमी घेणाऱ्यांत सुमारे २५ टक्के. एवढेच वाचले तर औषध उत्तम आहे असे वाटेल. पण प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या कॅप्सूलच्या गटातही नियमित घेणाऱ्यांत १५ टक्के आणि कमी घेणाऱ्यांत सुमारे २८ टक्के मृत्यू झाले होते.

रिकामी कॅप्सूल नियमित घेतल्याने कोणी जगत नाही. नियमित औषध घेणारी व्यक्ती बहुधा इतर बाबतींतही सांभाळून राहते, तपासण्या वेळेवर करते, फार आजारी नसते, घरात तिची काळजी घेणारे कोणी असते. केसपेपरवरून "नियमित घेणारे विरुद्ध न घेणारे" अशी तुलना करणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत. आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला ते दाखवतो, आणि वय, इतर आजार, भेटींची संख्या अशा नोंदीही सोबत काढून घेण्याचा आग्रह धरतो.

केसपेपर वाचताना

आमचा सर्वाधिक वेळ इथे जातो, आणि आमच्या मते कामाची खरी किंमतही इथेच आहे.

"सीएसटी" किंवा "रिपीट ऑल" या एका शब्दामागे चार-पाच औषधे असतात. ती शोधायला मागच्या पानावर जावे लागते, कधी त्याच्याही मागच्या. मागचे पान हरवलेले असेल तर आम्ही तो काळ "अज्ञात" असा नोंदवतो. औषध चालू होते असे परस्पर धरत नाही, बंद होते असेही धरत नाही. "एसओएस" (गरज पडली तरच घ्या) लिहिलेली गोळी किती दिवस पुरेल हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून तिचे दिवस मोजत नाही. फक्त लिहिली होती एवढे नोंदवतो.

ब्रँडच्या नावांचा प्रश्न त्याहून मोठा. टेल्मा, टेल्मा एएम आणि टेल्मा एच ही रक्तदाबाच्या गोळ्यांची तीन नावे दिसायला जवळची. पण पहिल्यात फक्त टेल्मिसार्टन, दुसऱ्यात सोबत अॅम्लोडिपिन, तिसऱ्यात हायड्रोक्लोरोथायझाइड. घाईत लिहिलेले शेवटचे अक्षर वाचता आले नाही तर रुग्ण एका औषधावर की दोन, हेच ठरत नाही. प्रत्येक पान दोघे जण एकमेकांचे न पाहता वाचतात. मतभेद झाला तर तिसरा, अनुभवी फार्मासिस्ट पाहतो. दोघांचे किती जुळले तो आकडा आम्ही अहवालात देतो, कमी असला तरीही.

त्यानंतर प्रत्येक औषधाला जागतिक आरोग्य संघटनेच्या एटीसी या औषध-वर्गीकरण पद्धतीचा संकेतांक लावतो. इथे एक खाचखळगा आहे. नुसत्या मेटफॉर्मिनचा संकेतांक ए१०बीए०२, पण ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया वर्गातल्या औषधासोबतच्या गोळीचा ए१०बीडी०२. फक्त पहिला शोधला तर मेटफॉर्मिन घेणारे कितीतरी रुग्ण यादीतून गळतात, कारण आपल्याकडे एकत्रित गोळ्यांचा वापर खूप आहे.

काही जण डीडीडी, म्हणजे ठरवून दिलेल्या दैनिक मात्रेत हिशेब मागतात. रुग्णालयात किंवा जिल्ह्यात एकूण किती औषध खपले हे पाहायला ते माप चांगले. एकेका रुग्णाची नियमितता त्यावरून काढू नये. कोलेस्टेरॉलवरच्या अॅटोरवास्टॅटिनची डीडीडी २० मिलिग्रॅम आहे; रोज न चुकता १० मिलिग्रॅम घेणारा रुग्ण त्या मापाने अर्धाच औषध घेणारा दिसेल.

परदेशी पद्धत जशीच्या तशी का चालत नाही

या विषयावरचे बरेच लेखन डेन्मार्क, स्वीडन आणि ब्रिटनमधल्या नोंदींवर आधारलेले आहे. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक असतो आणि १९९५ पासून औषधदुकानातून नेलेली चिठ्ठीवरची औषधे त्या क्रमांकाला जोडून नोंदली जातात. स्वीडनमध्ये २००५ पासून अशी नोंद आहे. ब्रिटनच्या सीपीआरडी या संग्रहात फॅमिली डॉक्टरांनी काय लिहिले ते दिसते; रुग्णाने ते नेले का, हे त्यात कळत नाही.

आपल्याकडे आभा हा १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक आला आहे, आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. पण आभा ऐच्छिक आहे, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सुटे पाकीट नेले तर ते कुठल्याच नोंदीत येत नाही. शेड्यूल एच-१ मधल्या, म्हणजे विक्रीवर जादा निर्बंध असलेल्या यादीतल्या औषधांसाठी दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव, औषध व त्याचे प्रमाण वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ठरावीक प्रतिजैविकांच्या अभ्यासाला तिचा उपयोग होतो, रक्तदाब-मधुमेहाच्या औषधांना नाही. म्हणून "बिल नाही म्हणजे औषध नाही" हे गृहीतक इथे आम्ही मान्य करत नाही. शक्य असेल तिथे निवडक रुग्णांना घरातली पाकिटे घेऊन बोलवावे आणि नोंदीशी ताडून पाहावे. थोड्या रुग्णांची अशी पडताळणीसुद्धा बाकीच्या आकड्यांवर किती विसंबायचे ते सांगते.

तारखांची एक चूक

"सहा महिने औषध घेतलेले" असा गट करून त्यांचा काळ पहिल्या चिठ्ठीपासून मोजला, तर त्या गटातला कोणीही पहिल्या सहा महिन्यांत मरण पावलेला असूच शकत नाही. तसा असता तर तो गटात आलाच नसता. ते सहा महिने औषधाच्या खात्यात फुकट जमा होतात. यालाच इमॉर्टल टाइम बायस म्हणतात आणि तो चांगल्या अभ्यासांतही शिरलेला आहे. आमच्या तक्त्यात प्रत्येक रुग्णाची औषध सुरू झाल्याची तारीख आणि गट ठरल्याची तारीख वेगळ्या रकान्यांत असते. तुमच्या संख्याशास्त्रज्ञाला ते मुद्दाम दाखवा.

परवानगी आणि गोपनीयता

एथिक्स कमिटीचे पत्र असल्याशिवाय आम्ही एकही पान हाती घेत नाही. जुन्या, ओळख काढून टाकलेल्या नोंदींच्या अभ्यासात रुग्णाच्या संमतीतून सूट मिळू शकते, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण ती सूट कमिटीने द्यायची असते, ती आपली आपण घ्यायची नसते. नाव, मोबाइल, पत्ता हे रुग्णालयाच्याच संगणकावर काढले जाते आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी रुग्णालयाकडेच राहते. गावाचे नावही आम्ही काढायला लावतो. लहान गाव, वय आणि दुर्मिळ आजार एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

काय मिळेल, काय मिळणार नाही

तक्ता, प्रत्येक रकान्याचा अर्थ, ब्रँडवरून घटक औषधांची यादी आणि दोन खरेद्यांमध्ये किती दिवसांचा खंड चालवून घेतला त्याचा नियम, एवढे लेखी मिळते. निकाल पाहून नंतर ३० दिवसांचा खंड ६० करून मागितला तर आम्ही दोन्ही आकडे देतो आणि मूळ नियम कोणता होता ते अहवालात लिहितो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटच्या आठवड्यात वाद होत नाही.

पहिल्या भेटीला मंजूर झालेला प्रोटोकॉल आणि वीसेक केसपेपरच्या, नावे झाकलेल्या छायाप्रती आणा. सुवाच्य अक्षरातले निवडून आणू नका. गठ्ठ्यातून जे हाताला येतील तेच आणा. त्यावरून काम किती दिवसांचे, खर्च किती आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर या नोंदींतून निघू शकते की नाही, हे आम्ही त्याच भेटीत सांगतो. निघत नसेल तर तसे स्पष्ट सांगतो, आणि त्या भेटीचे पैसे घेत नाही.