मायक्रोसॉफ्टचं ओपन सोर्सकडे वळणं

विंडोज आणि ऑफिसची लायसन्सं विकून मोठी झालेली, सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर) कायम कुलपात ठेवणारी मायक्रोसॉफ्ट साधारण २०१४ पासून आपली बरीच टूल्स कोडसकट मोकळी, म्हणजे ओपन सोर्स करायला लागली आणि लिनक्स (विंडोजसारखीच, पण खुल्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम), मॅक, अँड्रॉइड, आयफोन अशा सगळीकडे चालतील अशी बनवायला लागली, त्या बदलाची ही नोंद.

आधीचं वैर जुनं होतं. बिल गेट्सनी १९७६ मध्येच हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उद्देशून पत्र लिहून, तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरतात असं सुनावलं होतं. २००१ मध्ये तेव्हाचे सीईओ स्टीव्ह बामर यांनी तर लिनक्सला कॅन्सर म्हटलं, कारण लिनक्सच्या जीपीएल लायसन्सची अट अशी की त्यातला कोड घेऊन प्रोग्रॅम बनवून वाटलात तर तुमचाही कोड उघडा करावा लागतो, आणि कोड विकून जगणाऱ्या कंपनीला हे कसं परवडणार.

हे वैर अगदी साध्या गोष्टींतही जाणवायचं. लिनक्सवर बनवलेली टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एकाच ओळीत सलग दिसायचा, कारण विंडोज ओळ संपल्याची खूण दोन कॅरेक्टरांनी करतं आणि लिनक्स एकानेच, आणि नोटपॅडला ती एकटी खूण कळायचीच नाही. कॉलेजात असताना असल्या फाइलीत हाताने एंटर मारत बसलोय मी. नोटपॅडमध्ये ही दुरुस्ती व्हायला २०१८ उजाडलं!

सगळं एका रात्रीत बदललं असंही नाही. २००४ मध्ये विक्स नावाचं इन्स्टॉलर बनवायचं टूल ओपन सोर्स झालं, २००९ मध्ये कंपनीने लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सुमारे २०,००० ओळींचा ड्रायव्हर कोड दिला.

खरं कारण धंद्यातच होतं असं मला वाटतं. मोबाइलमध्ये अँड्रॉइड आणि आयफोन केव्हाच पुढे निघून गेले होते, विंडोज फोन काही चालला नाही, आणि दुसरीकडे क्लाउड आलं. क्लाउडमध्ये गिऱ्हाईक मशीन भाड्याने घेतं, त्यावर विंडोज टाका नाहीतर लिनक्स, भाडं मिळतंच, मग लिनक्सशी भांडून आपलंच गिऱ्हाईक कशाला घालवायचं? २०१४ मध्ये विंडोज अझ्युअर या आपल्या क्लाउड सेवेच्या नावातला विंडोज काढून टाकला. (याच अझ्युअरची डेटा सेंटरं २०१५ पासून आपल्या पुण्यात आणि मुंबईतही आहेत.) त्याच वर्षी फेब्रुवारीत हैदराबादचे सत्या नाडेला सीईओ झाले, मार्चमध्ये आयपॅडवर ऑफिस आलं आणि नोव्हेंबरमध्ये डॉटनेट कोअर (प्रोग्रॅम बनवायची आणि चालवायची चौकट) ओपन सोर्स केल्याची घोषणा झाली.

सगळ्यात जास्त हाताळलं गेलेलं फळ म्हणजे व्हीएस कोड (प्रोग्रॅम लिहायचं एडिटर), २०१५ चं. फुकट, हलकं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर सारखंच चालतं, आणि कोड एमआयटी लायसन्सखाली (जीपीएलसारखी अट नसलेलं, मोकळीक देणारं लायसन्स) खुला. पुढच्या वर्षी डब्ल्यूएसएल आलं, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स. आता टर्मिनलमध्ये एक कमांड मारली की उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) उतरतं, युजरनेम-पासवर्ड विचारतं (पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, नवीन पोरं इथे हमखास गोंधळतात) आणि त्याच लॅपटॉपवर लिनक्सचं काम सुरू. पूर्वी विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायला हार्ड डिस्कचे भाग पाडावे लागायचे, ते पार्टिशन करताना सगळा डेटा उडायची भीती ज्यांनी अनुभवलीय त्यांनाच याची किंमत कळेल. २०१६ मध्येच कंपनी लिनक्स फाउंडेशनची मेंबर झाली, २०१८ मध्ये ७५० कोटी डॉलरला गिटहब (डेव्हलपर आपला कोड जिथे ठेवतात ती साइट) घेतलं, तेव्हा आता मायक्रोसॉफ्ट काय करेल या धास्तीने बऱ्याच जणांनी आपले प्रोजेक्ट गिटलॅब या तशाच दुसऱ्या साइटवर हलवले होते.

ती धास्ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. विंडोज आणि ऑफिसचा कोड आजही बंदच आहे. व्हीएस कोडचा सोर्स खुला असला तरी आपण साइटवरून उतरवतो ते पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या वेगळ्या लायसन्सखाली येतं, आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठीच्या पायलान्स एक्स्टेन्शनचा कोड बंद आहे, म्हणून काही जण व्हीएसकोडियम (त्याच खुल्या सोर्सवरून बनवलेलं पॅकेज) वापरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये डॉटनेटच्या ओपन सोर्स टूलमधून हॉट रिलोडची (प्रोग्रॅम चालू असतानाच कोडमधला बदल लागू करायची) सोय काढून ती फक्त व्हिज्युअल स्टुडिओ या कंपनीच्या बंद कोडच्या टूलपुरती ठेवायचं ठरलं होतं, त्यावर डेव्हलपर लोक इतके भडकले की थोड्याच दिवसांत कंपनीने माफी मागून तो कोड परत टाकला.