‘१९ क्लिक’चा समज आणि वस्तुस्थिती

वेबवरील कोणत्याही पानावरून दुसऱ्या कोणत्याही पानावर सरासरी १९ क्लिकमध्ये पोहोचता येते, असे १९९९ पासून सांगितले जाते. ते जसेच्या तसे खरे नाही. दुवा (लिंक) एकेरी रस्त्यासारखा असतो: विद्यार्थ्याच्या ब्लॉगवरून विद्यापीठाच्या पानावर जाता येते, परतीची वाट असेलच असे नाही. ही दिशा जमेस धरून अल्टाव्हिस्टा हे तेव्हाचे शोधयंत्र आणि आयबीएम व कॉम्पॅक या संगणक कंपन्या येथील संशोधकांनी २००० साली सुमारे २० कोटी पाने व १५० कोटी दुवे तपासले, तेव्हा स्वैरपणे निवडलेल्या दोन पानांपैकी पहिल्यावरून दुसऱ्याकडे जाणारा मार्ग जवळपास ७५ टक्के वेळा सापडलाच नाही. मार्ग असलेल्या जोड्यांत सरासरी अंतर १६ क्लिक भरले. दिशा पुसून, म्हणजे प्रत्येक दुवा दुहेरी मानून मोजले असता ते ७ च्या आत आले, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. एकमेकांचे नियंत्रण करणाऱ्या जनुकांच्या जाळ्यातही दिशा दाखवणारे बाण पुसले, तर कोणते जनुक कोणाचे नियंत्रण करते हेच कळत नाही.